जुन्या व नव्या मोटारी आणि गृहोपयोगी उपकरणांचा टिकाऊपणा

जुन्या मोटारी व घरगुती उपकरणे आजच्यापेक्षा अधिक मजबूत आणि दीर्घायुषी होती काय, हा अभियांत्रिकी, अर्थशास्त्र आणि ग्राहकहित या तिन्ही क्षेत्रांत चर्चिला जाणारा प्रश्न आहे. ‘पूर्वीच्या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकत, आताच्या हमीची मुदत संपताच बिघडतात’ ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. उपलब्ध पुरावा मात्र तिला सरसकट दुजोरा देत नाही. मोटारींचे आयुष्य, सुरक्षितता आणि इंधनक्षमता गेल्या काही दशकांत वाढलेली आहे. घरगुती उपकरणांचा वीजवापर घटला असला, तरी त्यांतील काहींचे आयुर्मान कमी झाल्याचे दिसते. दोन्ही प्रकारांत स्पष्टपणे घटलेला गुण म्हणजे गावातल्या कारागिराकडून वस्तू दुरुस्त होण्याची शक्यता.

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या शेजारच्या तालुक्यांत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू जवळजवळ पाहावयास मिळतात. शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत आधुनिक मोटारी, रेफ्रिजरेटर आणि धुलाई यंत्रे तयार होतात, तर दोन्ही तालुक्यांच्या बाजारपेठांत जुनी यंत्रे चालू ठेवणारा दुरुस्तीचा व्यवसाय आजही टिकून आहे.

## संज्ञा

सामान्य बोलण्यात ‘मजबूत’ या एका शब्दात अनेक निरनिराळे गुण सामावलेले असतात. तुलना करताना ते वेगळे करावे लागतात.

* टिकाऊपणा – वस्तू पूर्णपणे निकामी होईपर्यंतचा कालावधी.
* विश्वासार्हता – ठरावीक काळात न बिघडता काम करण्याची शक्यता.
* दुरुस्तीयोग्यता – बिघाड झाल्यास सुटा भाग बदलून, परवडणाऱ्या खर्चात वस्तू पुन्हा चालू करता येण्याची सोय.
* सुरक्षितता आणि कार्यक्षमता – वापरणाऱ्यास होणारा धोका, तसेच लागणारे इंधन वा वीज.

एखादी वस्तू टिकाऊ असूनही विश्वासार्ह नसते. वारंवार बंद पडणारी, पण दर वेळी थोडक्या खर्चात सुरू होणारी मोटार चाळीस वर्षे रस्त्यावर राहू शकते. उलट दहा वर्षे एकदाही न बिघडलेले यंत्र पहिल्याच मोठ्या बिघाडात भंगारात जाऊ शकते. स्मरणात राहते ते पहिल्या मोटारीचे वय. तिच्या दुरुस्त्यांची संख्या मात्र सहसा विस्मृतीत जाते.

यंत्रांच्या बिघाडाचा आलेख अभियंते आंघोळीच्या टबच्या आकाराचा काढतात. सुरुवातीच्या काळात निर्मितीदोषांमुळे बिघाड अधिक असतात, मधल्या काळात ते तुरळक होतात आणि अखेरीस झिजेमुळे पुन्हा वाढतात. जी जुनी वस्तू आज चालू आहे, तिने आपला पहिला धोकादायक टप्पा केव्हाच ओलांडलेला असतो.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईतील कुर्ला येथील तिच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने मोटारी तयार होऊ लागल्या. १९५० च्या दशकातील फियाट ११०० या गोलसर मोटारीस मुंबईत ‘डुक्कर फियाट’ असे टोपणनाव पडले होते. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. हीच मोटार पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी ‘फियाट’ हेच नाव राहिले. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. पश्चिम बंगालमधील हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसेडर ही मोटारही १९५७ पासून २०१४ पर्यंत मूळ आराखड्यात फारसा बदल न होता तयार होत राहिली.

या दीर्घ स्थैर्यामागे उद्योग (विकास व नियमन) अधिनियम, १९५१ अन्वये उभी राहिलेली परवाना पद्धती होती. उत्पादनाची मर्यादा सरकार ठरवी. मागणी पुरवठ्याहून अधिक असल्यामुळे ग्राहकाला मोटारीसाठी वा बजाज स्कूटरसाठी कित्येक वर्षे थांबावे लागे. नवे प्रारूप काढण्याची उत्पादकाला निकड नव्हती. त्याचा एक अनपेक्षित लाभ असा झाला की, तेच सुटे भाग दशकानुदशके बाजारात मिळत राहिले आणि त्या यंत्रांची माहिती गावोगावच्या मिस्त्रींपर्यंत पोचली. म्हणजे जुन्या मोटारींच्या दीर्घायुष्याचे श्रेय जेवढे आराखड्याला आहे, तेवढेच बदलाच्या अभावालाही आहे.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने या स्थितीस पहिला धक्का दिला. १९९१ चे आर्थिक उदारीकरण आणि १९९३ मध्ये मोटार उद्योगाची परवानामुक्ती यांनंतर स्पर्धा वाढली. घरगुती उपकरणांतही हाच क्रम दिसतो. गोदरेज कंपनीने १९५८ मध्ये भारतात रेफ्रिजरेटर तयार करण्यास प्रारंभ केला, तरी पुढील तीन दशके ही वस्तू मोजक्याच घरांत होती. उदारीकरणानंतर विदेशी कंपन्या आल्या, किमती उत्पन्नाच्या तुलनेत उतरल्या आणि रेफ्रिजरेटर ग्रामीण घरांतही पोचला.

## शिरूर व दौंड तालुके

पुणे–अहिल्यानगर मार्गावरील रांजणगाव औद्योगिक वसाहतीत एलजी, व्हर्लपूल आणि हायर या कंपन्यांचे गृहोपयोगी उपकरणांचे कारखाने आहेत. फियाट आणि टाटा मोटर्स यांचा मोटारींचा संयुक्त कारखानाही याच वसाहतीत आहे. कुर्ल्यात पद्मिनीच्या रूपाने दीर्घकाळ तयार झालेल्या फियाटच्या परंपरेतील पुढच्या पिढीच्या मोटारी अशा रीतीने शिरूर तालुक्यात तयार होऊ लागल्या. २०१७ पासून जीप कंपास ही मोटार येथे बनते. टाटा नेक्सॉन ही मोटारही सुरुवातीच्या काळात याच कारखान्यात तयार झाली.

दौंड हे मनमाडकडे आणि सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गांचे जंक्शन आहे. तालुक्याच्या अर्थव्यवस्थेत भीमा व मुळा-मुठेच्या पाण्यावरील ऊस, साखर कारखाने आणि गुऱ्हाळे यांना मोठे स्थान आहे. वीज सर्वत्र पोचण्यापूर्वी पाणी उपसण्यासाठी आणि उसाचे चरक फिरविण्यासाठी डिझेल इंजिने वापरली जात. पुण्यात खडकी येथे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिने या भागातील शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत. कमी फेऱ्यांवर चालणारी, जाड ओतीव लोखंडाची अशी इंजिने सुटी करून, पिस्टनच्या रिंगा व बेअरिंगे बदलून पुनःपुन्हा वापरता येत.

विजेच्या पंपांबाबतही दुरुस्तीची हीच रीत रूढ आहे. पुरवठ्याचा दाब उतरला की मोटर अधिक प्रवाह खेचते, तापते आणि तिची गुंडाळी जळते. जळालेली मोटर टाकून न देता तिच्यात तांब्याची नवी तार भरली जाते. ‘वाइंडिंग’ या नावाने ओळखला जाणारा हा व्यवसाय या तालुक्यांतील बाजारगावांत शेतीचा अविभाज्य भाग आहे. ऐन उन्हाळ्यात पंप आठवडाभर बंद राहिला, तर उभे पीक धोक्यात येते. अशा वेळी यंत्र किती वर्षे टिकते यापेक्षा ते किती तासांत पुन्हा सुरू होते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. गुंडाळी काळजीपूर्वक भरली नाही, तर मोटरची कार्यक्षमता घटते आणि तेवढेच पाणी उपसण्यास अधिक वीज लागते.

## मोटारींची तुलना

### रचना व आयुष्य

प्रीमियर पद्मिनीला १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, कार्बुरेटर, सुकाणूच्या दांड्यावरील गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. इंजिनाचे झाकण उघडताच प्रत्येक भाग दिसे आणि साध्या पान्यांनी तो सोडविता येई. मात्र प्रज्वलनाचे पॉइंट घासणे, कार्बुरेटर साफ करणे आणि व्हॉल्व्हमधील अंतर जुळविणे ही कामे नियमितपणे करावी लागत. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आणि इंधन-अंतःक्षेपण आल्यावर यांतील बहुतेक कामे नाहीशी झाली. भारतात २००० मध्ये शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र लागू झाले. त्यामुळे स्पार्क प्लग व इंजिन तेल यांचे आयुष्यही वाढण्यास मदत झाली.

जुन्या मोटारीचा पत्रा जाड असे, तरी गंजापासून त्याचे संरक्षण तोकडे होते. जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा आणि विद्युत्-निक्षेपणाने दिलेला अस्तराचा रंग यांमुळे आजचा पातळ पत्रा अधिक काळ गंजमुक्त राहतो. पूर्वीच्या अनेक मोटारींच्या अंतरमापकात पाचच अंक असत आणि एक लाखानंतर तो पुन्हा शून्यावर येई. आज लाखाच्या पुढे धावणे ही सामान्य मोटारीकडूनही अपेक्षित असलेली गोष्ट आहे. अमेरिकेत रस्त्यावरील मोटारींचे सरासरी वय १९७० मध्ये सुमारे साडेपाच वर्षे होते. २०२४ मध्ये हलक्या वाहनांसाठी ते साडेबारा वर्षांच्या पुढे गेले. ही वाढ केवळ टिकाऊपणामुळे झालेली नाही. नव्या वाहनांच्या वाढत्या किमतींचाही तीत वाटा आहे.

### सुरक्षितता

‘जुन्या गाडीला धडक बसली तरी पोचा येत नसे’ हे तिच्या मजबुतीचे लक्षण म्हणून सांगितले जाते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हाच तिचा दोष ठरतो. धडकेतील ऊर्जा वाहनाने शोषली नाही, तर ती आतील माणसांपर्यंत पोचते. म्हणून आधुनिक मोटारीचा पुढचा व मागचा भाग नियंत्रित रीतीने चुरगळेल आणि प्रवासी कक्ष मात्र अभंग राहील, अशी रचना केली जाते. मर्सिडीज-बेंझचे अभियंते बेला बारेनी हे या कल्पनेचे प्रवर्तक होत. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २००९ मध्ये १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू यांची समोरासमोर धडक घडवून आणली. जुन्या मोटारीचा प्रवासी कक्ष कोलमडला, तर नव्या मोटारीचा कक्ष बहुतांशी शाबूत राहिला.

नवी म्हणजे सुरक्षित असा याचा अर्थ नाही. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ मध्ये तपासलेल्या भारतातील पाच लोकप्रिय मोटारींच्या प्राथमिक प्रारूपांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी एकही तारा मिळाला नव्हता. त्यानंतर धडक चाचण्यांचे निकष टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग अनिवार्य झाली. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला याच संस्थेकडून पाच तारे मिळाले. भारतात तयार झालेल्या मोटारीला या संस्थेकडून मिळालेले हे पहिले पंचतारांकित मानांकन होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही देशांतर्गत मानांकन योजना लागू आहे. पुणे–अहिल्यानगर आणि पुणे–सोलापूर हे वर्दळीचे महामार्ग अनुक्रमे शिरूर व दौंड तालुक्यांतून जातात. तेथे प्रवास करणाऱ्यांच्या दृष्टीने हा फरक जिवाशी निगडित आहे.

## गृहोपयोगी उपकरणांची तुलना

घरगुती उपकरणांचे चित्र अधिक संमिश्र आहे. जर्मनीच्या पर्यावरण संस्थेसाठी झालेल्या आणि २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या अभ्यासानुसार, मोठ्या घरगुती उपकरणांच्या पहिल्या वापराचा सरासरी काळ २००४ ते २०१२-१३ या अवधीत १४.१ वर्षांवरून १३ वर्षांवर आला. बदललेल्या उपकरणांपैकी पाच वर्षांच्या आत बिघाडामुळे बदलावी लागलेली उपकरणे याच काळात ३.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर गेली. त्याचबरोबर बदललेल्या उपकरणांपैकी सुमारे एक तृतीयांश उपकरणे चालू स्थितीत होती, असेही आढळले. म्हणजे वस्तूचे आयुष्य काही अंशी तिचा मालकच ठरवीत असतो.

जुन्या रेफ्रिजरेटरच्या पाठीमागे काळी जाळी दिसे. ती संघनकाची नळी होती. तीत गळती झाल्यास ती सांधता येई. आज ही नळी अनेक प्रारूपांत फेसाच्या थराने भरलेल्या भिंतीत बसविलेली असते. त्यामुळे उपकरण आटोपशीर होते, पण आत गळती झाल्यास दुरुस्ती जवळजवळ अशक्य होते. धुलाई यंत्रांच्या काही प्रारूपांत टाकीचे दोन भाग कायमचे जोडलेले असतात. त्यामुळे एक बेअरिंग खराब झाले तरी संपूर्ण टाकी बदलावी लागते. यांत्रिक नियंत्रकांची जागा सर्किट बोर्डांनी घेतली आहे. विजेचा दाब सतत कमीजास्त होणाऱ्या ग्रामीण भागात हे बोर्ड नाजूक ठरतात. अनेक उत्पादक कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची हमी देतात, परंतु संपूर्ण उपकरणावर एकच वर्षाची. खरेदीच्या वेळी ग्राहकाच्या मनावर ठसतो तो बहुधा पहिला आकडा. बिघाड मात्र पुष्कळदा दुसऱ्या गटात होतो.

वीजवापरात नवी उपकरणे निःसंशय सरस आहेत. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यास नव्या रेफ्रिजरेटरला वर्षाला सरासरी सुमारे १,८०० युनिट वीज लागे. चार दशकांनंतर आकार वाढूनही ती ५०० युनिटांच्या आसपास आली. भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने मे २००६ मध्ये तारांकन योजना सुरू केली. त्यामुळे जुने उपकरण चालू ठेवणे नेहमीच काटकसरीचे ठरत नाही. त्याची किंमत दरमहा वीजबिलातून मोजली जाते. जुन्या रेफ्रिजरेटरमधील आर-१२ हा वायू ओझोन थराला घातक होता. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार अशा वायूंचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. आता वापरात असलेला आयसोब्युटेन ओझोनला घातक नाही. तो ज्वलनशील असल्याने दुरुस्तीस प्रशिक्षित कारागीर लागतो.

## उरलेल्यांचा दाखला

जुन्या वस्तूंविषयीच्या समजुतीत एक तर्कदोष संभवतो. आज दिसणाऱ्या जुन्या वस्तू म्हणजे त्या काळी तयार झालेल्या वस्तूंपैकी केवळ टिकलेल्या वस्तू होत. ज्या लवकर बिघडल्या, त्या भंगारात गेल्या आणि विस्मरणातही गेल्या. माळ्यावरचे तांब्याचे घंगाळ दिसते, फुटलेली शेकडो मडकी दिसत नाहीत. सांख्यिकीतज्ज्ञ अब्राहम वाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धात हाच मुद्दा विमानांच्या संदर्भात मांडला. परतलेल्या विमानांवर जेथे गोळ्यांच्या खुणा नाहीत, तोच भाग अधिक मजबूत केला पाहिजे, कारण तेथे गोळी लागलेली विमाने परतलेलीच नाहीत, असे त्यांच्या विवेचनाचे सार होते. वाल्ड यांचा मृत्यू डिसेंबर १९५० मध्ये भारतात व्याख्यान दौऱ्यावर असताना निलगिरी परिसरातील विमान अपघातात झाला.

कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथील अग्निशमन केंद्रात १९०१ पासून पेटत असलेला दिवा हे जुन्या मजबुतीचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तो आता सुमारे चार वॉटच्या दिव्याएवढा मंद प्रकाश देतो आणि क्वचितच बंद केला जातो. त्याच्या दीर्घायुष्याची ही दोन महत्त्वाची कारणे मानली जातात.

## नियोजित कालबाह्यता

उत्पादक जाणूनबुजून अल्पायुषी वस्तू बनवितात, या आरोपास इतिहासात आधार आहे. जगातील प्रमुख दिवा-उत्पादकांनी १९२४ मध्ये जिनिव्हा येथे ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन केला आणि दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणले. अधिक टिकणारे दिवे बनविणाऱ्या सदस्यांना दंड होत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी हा संघ संपुष्टात आला. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९२० च्या दशकात दरवर्षी प्रारूप बदलण्याची प्रथा रूढ केली. तीत वस्तू बिघडण्यापूर्वीच ती जुनी वाटू लावण्याचा हेतू होता. बर्नार्ड लंडन यांनी १९३२ मध्ये एका पुस्तिकेत मंदीवरील उपाय म्हणून नियोजित कालबाह्यतेचा पुरस्कार केला.

तथापि प्रत्येक अल्पायुषी वस्तूमागे कट असतोच असे नाही. ग्राहक प्रामुख्याने किंमत पाहतो आणि टिकाऊपणा दुकानात दिसत नाही. त्यामुळे स्पर्धेत खर्च कापला जातो तो नजरेआड असलेल्या भागांत.

## कायदे व धोरणे

भारतात खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर योग्यता तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढविता येते. २०२१ च्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाने जुन्या वाहनांच्या तपासणीवर भर दिला. वाहनांसाठी भारत स्टेज-६ हे प्रदूषणमानक १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू आहे. मुंबईत टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे नोंदली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ‘काळी-पिवळी’ पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे नाहीशी झाली. तिचा शेवट यंत्रबिघाडाने नव्हे, तर नियमाने झाला.

ग्राहक चळवळीची महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सदोष वस्तूबद्दल उत्पादकाच्या दायित्वाची तरतूद आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेती अवजारे, भ्रमणध्वनी व इलेक्ट्रॉनिक वस्तू, गृहोपयोगी उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यासाठी निवडण्यात आली. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक छापणे बंधनकारक केले. भारतातही २०२४ मध्ये अशा निर्देशांकासाठी समिती नेमण्यात आली. ई-कचरा नियम, २०२२ नुसार निकामी उपकरणांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर आहे.

## मूल्यमापन

जुन्या वस्तू सर्वार्थाने उत्तम होत्या, हे मत पुराव्यास उतरत नाही. जुनी मोटार अधिक इंधन जाळीत असे, अपघातात अधिक घातक ठरे आणि तिला अखंड देखभाल लागे. मात्र या समजुतीत तथ्यांश आहे. जुनी वस्तू तिच्या मालकाला आणि गावच्या कारागिराला समजत असे. सुटा भाग मिळे आणि ज्ञान खुले होते. नव्या वस्तूचे ज्ञान, तपासणीची साधने व सुटे भाग हे उत्पादकाच्या हाती एकवटले आहेत. त्याचा भार विशेषतः हप्त्यांनी उपकरण घेणाऱ्या कुटुंबांवर आणि अधिकृत सेवा केंद्रांपासून दूर राहणाऱ्या ग्रामीण ग्राहकांवर पडतो. स्वतंत्र दुरुस्ती कारागिरांच्या उपजीविकेवरही त्याचा परिणाम होतो.

म्हणून या विषयावरील अलीकडची चर्चा ‘जुने की नवे’ या प्रश्नाकडून नव्या वस्तूंची सुरक्षितता व कार्यक्षमता राखून त्या दुरुस्त करण्याजोग्या कशा बनवाव्यात, या प्रश्नाकडे वळलेली आहे.

## हेही पाहा

* प्रीमियर पद्मिनी
* रांजणगाव औद्योगिक वसाहत
* ग्राहक संरक्षण अधिनियम
* ई-कचरा
* दुरुस्तीचा अधिकार